ईगल्सचा बचाव : बॉनला विसरू नका

२०२४मध्ये ईगल्स या फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल (एनएफएल) संघाचा बचाव सुधारला तो क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डीजीन या दोन नवोदितांमुळे, हे मत मला अर्धंच पटतं. ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या दोन फेऱ्यांत हे दोघे कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलणाऱ्यांना रोखणारे बचावपटू, घेतले हे उत्तमच. पण त्याआधी मार्चमध्ये झॅक बॉनला एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आधीच्या संघात, सेंट्सकडे, तो मुख्यतः बचावफळीच्या कडेला आणि स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) खेळायचा. ईगल्सचा बचाव प्रशिक्षक विक फँजिओने त्याला मधला लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे उभा राहणारा बचावपटू) केलं आणि त्याच वर्षी तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला!

फँजिओची मांडणीच अशी, की दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोलवर राहतात. लांब पास अवघड होतो, पण चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायला पुढे माणसं कमी पडतात. ती तूट बॉनसारखा चपळ लाइनबॅकर आणि जेलन कार्टरसारखे दांडगे लाइनमन (पुढच्या फळीतले खेळाडू) भरून काढतात. त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं अंगावर न पाठवता, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक (पास टाकणारा) माहोम्सला ६ सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच सहादा पाडलं, हे पुढच्या फळीचंच काम.

म्हणूनच २०२५च्या मार्चमध्ये पुढच्या फळीतला मिल्टन विल्यम्स पेट्रियट्स संघाकडे आणि जॉश स्वेट कार्डिनल्स संघाकडे गेला, याची मला फार काळजी वाटली. सुपर बोलमधल्या ६पैकी साडेचार सॅक या दोघांचे होते. बॉनला मात्र नवा करार देऊन राखलं, ते अगदी योग्य केलं.