हातगुण मोजायचा कसा? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

दादा: बाबांचा होल्टर (दिवसरात्र ठोके नोंदवणारं यंत्र), त्याचा रिपोर्ट आला. ४८ तासांत तीनदा एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे ठोके बेताल पडणं), त्यातलं एक साडेपाच तास चाललं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुरत नाहीयेत, अ‍ॅब्लेशनचा विचार करा. म्हणजे जांघेतून हृदयात नळी नेऊन ठोका बिघडवणारी जागा निकामी करायची. ते करणाऱ्या दोन डॉक्टरांची नावं दिलीत. आज-उद्यात ठरवायला हवं.

आत्या: अरे, ठरवायचंय काय त्यात? ह्यांचं बायपास ज्यांनी केलं त्यांच्याकडेच चला. हातगुण आहे त्यांना.

आतोबा: (व्हॉइस नोट, १२ सेकंद)

आत्या: ते चुकून दाबलं गेलं, ऐकू नका.

वहिनी: आत्या, ते सर्जन आहेत आणि चांगलेच आहेत. पण त्यांचं काम रक्तवाहिन्यांचं. बाबांची अँजिओग्राफी झालीय, वाहिन्या मोकळ्या आहेत. बाबांचा बिघाड विजेचा आहे. त्याला इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट लागतो, मी काम करते त्या कॅथलॅबमध्ये (हृदयात नळी घालून इलाज करतात ती खोली) नुसतं 'ईपीवाले' म्हणतात. कार्डिऑलॉजी झाल्यावर वर्ष-दोन वर्षं फक्त ठोक्यांच्या विजेचं शिकून आलेले असतात.

मामा: म्हणजे प्लंबर नको, वायरमन हवा.

वहिनी: हो मामा. आणि वायरमन वायरमनमध्येही फरक असतो. काही जण मुख्यतः पेसमेकर बसवतात. काहींचा हात साध्या एसव्हीटीत (ठोके एकदम वेगाने धावायला लागतात तो आजार) बसलेला असतो, एएफ कधीमधी करतात.

बंटी: माझं एसव्हीटीच होतं. बसल्या बसल्या ठोके २०० च्या घरात जायचे आणि बटण बंद केल्यासारखे थांबायचे. पहिल्या ठिकाणी तीन तास आत ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, ठोका चढलाच नाही, काही करता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी तासाभरात झालं. आठ वर्षं झाली, पुन्हा एकदाही नाही. म्हणून सांगतो, डॉक्टर नीट निवडा.

वहिनी: त्या पहिल्या डॉक्टरांवर थोडा अन्याय होतोय हं. टेबलावर ठोका चढत नाही असं भल्याभल्यांच्या बाबतीत होतं, आणि उगाच कुठेतरी जाळण्यापेक्षा थांबलेलं बरं. शिवाय तुझं आणि बाबांचं एक नाही. तुझ्यात विजेला एक जादा वाट होती, ती बंद केली की संपलं. त्यात १०० तले ९५ हून जास्त बरे होतात. एएफची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या आयसागेर यांच्या टीमने ४५ पेशंटमध्ये ठोका बिघडवणाऱ्या ६९ जागा शोधल्या, त्यातल्या ९४ टक्के फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये निघाल्या. तेव्हापासून त्या शिरांच्या तोंडाभोवती कुंपण घालतात, म्हणजे आतली गडबड आतच राहते. कुंपणात फट राहिली की एएफ परत.

मामा: कुंपण कशाचं? लेझर?

वहिनी: बहुतेक ठिकाणी उष्णतेने जाळतात किंवा थंड फुग्याने गोठवतात. आता विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांचं पल्स्ड फील्डही आलंय. त्यात शेजारच्या अन्ननलिकेला धोका कमी.

आत्या: मग ते नवीनवालंच करा की!

वहिनी: मशीन नवीन म्हणून डॉक्टर निवडू नका आत्या. ज्या साधनावर ज्याचा हात बसलाय, त्याने तेच वापरलेलं बरं. हातगुणाचं तुम्ही म्हणालात ना, तो थोडाफार मोजता येतो. अमेरिकेतल्या २००० ते २०१० मधल्या सुमारे ९३,८०० एएफ अ‍ॅब्लेशनचा अभ्यास झालाय. वर्षाला २५ पेक्षा कमी करणारे डॉक्टर आणि ५० पेक्षा कमी करणारी हॉस्पिटलं, तिथे गुंतागुंत जास्त निघाली. तेव्हाची साधनं जुनी होती, पण सवयीचा मुद्दा आजही तोच आहे. म्हणून पहिला प्रश्न: एएफची, फक्त एएफची, वर्षाला किती?

मी: असं तोंडावर विचारायचं? चिडले तर?

वहिनी: चिडले तर उत्तर मिळालं समज.

दादा: मी दोघांनाही विचारलंय. पहिले म्हणाले, "भरपूर केलीत, काळजी करू नका, ९५ टक्के सक्सेस." दुसऱ्यांनी आकडा सांगितला, गेल्या वर्षी दीडशेच्या आसपास. न विचारताच पुढे म्हणाले की त्यात दोघांच्या हृदयाभोवती रक्त साठलं होतं, सुई घालून काढावं लागलं, दोघंही चालत घरी गेले.

आत्या: अगंबाई! म्हणजे दुसऱ्यांकडे दोघांचं बिघडलं आणि पहिल्यांचे ९५ टक्के पास. मग पहिलेच बरे ना?

वहिनी: मला उलट वाटतं. दीडशेत दोन हा घाबरायचा आकडा नाही, आणि मोजलाय म्हणून तर सांगता आला. ते ९५ कशातले, हे विचारलंस का रे? त्या दिवशी टेबलावर शिरा बंद झाल्या त्यातले, की वर्षाने परत होल्टर लावून पाहिलं त्यातले? बाबांसारख्या येऊन-जाऊन होणाऱ्या एएफमध्ये एका अ‍ॅब्लेशननंतर वर्षाने साधारण १०० तले ७० जण मोकळे असतात. महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेल्या एएफमध्ये त्याहून कमी. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. हे आधी सांगणारा डॉक्टर मला आवडतो. पहिले दोन-तीन महिने सूज असते, ठोके मधूनच बिघडतात, आणि आधी सांगितलेलं नसेल तर घरचे "फेल गेलं" म्हणून रडत बसतात. दर महिन्याला बघते मी.

वहिनी: आणखी एक. प्रत्यक्ष हात कुणाचा असणार? मोठ्या सेंटरला शिकणारे डॉक्टर असतात. त्यात वाईट काही नाही, सगळे तसेच शिकतात. पण कर्णिकांमधल्या पडद्याला छेद देऊन डाव्या बाजूला जाताना कॅथेटर, म्हणजे ती नळी, कुणाच्या हातात असेल, ते विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मामा: एवढं विचारलं तर डॉक्टर आपल्यालाच तपासतील.

आत्या: ते सगळं ठीक. पण एकदा केलं की ती रक्त पातळ करायची गोळी सुटेल ना माझ्या भावाची? त्यासाठीच तर करायचं.

वहिनी: त्यासाठी नाही आत्या. करून झाल्यावरही गोळी निदान दोन-तीन महिने लागतेच. पुढचं ठरतं ते पक्षाघाताच्या धोक्यावर, ठोका सरळ झाला का यावर नाही. तो धोका गुणांत मोजतात. बाबांचं वय ६८, म्हणजे एक गुण. बीपीचा एक. दोन झाले. पुरुषाचे दोन गुण झाले की गोळी चालू ठेवा असंच सांगतात. "करून घ्या, गोळी सुटेल" असं आमिष कुणी दाखवलं तर मी तिथून उठेन.

मी: आणि काही झालंच तर?

वहिनी: जांघेत रक्त साकळणं हे त्यातल्या त्यात नेहमीचं. हृदयाभोवती रक्त साठणं शंभरात एखाद्याला. अन्ननलिकेला भोक पडणं फारच क्वचित, पण ते जिवावर बेततं आणि उशिरा कळतं, दोन-चार आठवड्यांनी. ताप, गिळताना दुखणं, असं सुरू होतं. तेव्हा परस्पर कुठे जाऊन एंडोस्कोपी करून घ्यायची नसते, आधी ईपीवाल्यांना फोन. म्हणून रात्री दोन वाजता तिकडे फोन कोण उचलतं, हा माझ्या मते किती केलीत याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे. आणि आत्या, तुमचे सर्जन इथे कामाला येतात. रक्त सुईने आटोक्यात आलं नाही तर छाती उघडणारं कुणीतरी त्याच इमारतीत हवं.

आत्या: बघ! मी म्हणतच होते.

बाबा: मी पण या ग्रुपमध्ये आहे.

दादा: बाबा, तुम्ही झोपला नव्हतात?

बाबा: झोपून काय करू, कानात ठोके ऐकू येतात. सकाळपासून वाचतोय. कुणी मला विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो.
पहिल्या डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि तारीख दिली. दुसऱ्यांनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, तुम्हाला नक्की होतं काय? म्हटलं, जिन्यात मध्येच थांबावं लागतं आणि रात्री धडधडीने जाग येते. मग मी त्यांना विचारलं, नाही केलं तर मरेन का? ते म्हणाले, हे मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी आहे, आयुष्य वाढेल असं वचन देत नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या २,२०४ पेशंटच्या मोठ्या चाचणीतही मृत्यू, पक्षाघात वगैरे मिळून म्हणावा तसा फरक दिसला नाही, रोजचं जगणं मात्र सुधारलं.

वहिनी: हो बाबा, कबाना चाचणी. तुम्हाला हे सांगितलं त्यांनी?

बाबा: कागदावर हृदय काढून सांगितलं. चित्र काही जमलं नाही त्यांना, वांगं झालं होतं. पण मला जिना चढायचाय, म्हणून करून घेणार. दुसऱ्यांकडे. मात्र ते लगेच तारीख देत नाहीत. वजन उतरवायला सांगितलंय आणि आधी झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडकत असेल आणि त्याचा इलाज केला नाही, तर अ‍ॅब्लेशननंतरही एएफ परत यायची शक्यता वाढते म्हणे.

वहिनी: हे बरोबर आहे. तुम्ही घोरता का बाबा?

बाबा: मला काही ऐकू आलं नाही कधी.

आई: मी पंचवीस वर्षं सांगतेय.

मामा: ताई, तू पण जागी?

आई: तेच तर सांगतेय. मंगळवारी रात्री त्यांना मशीनला जोडून झोपवणार आहेत. मशीनला झोप लागली तर मला कळवा.