शेळीच्या गुडघ्याचं टी२ मॅपिंग: उजळ पट्टा म्हणजे झीज की मॅजिक अँगल?

बर्डी_एमआर: कूर्चेच्या झिजेच्या अभ्यासासाठी शेळीचे गुडघे एमआरआयमध्ये स्कॅन करतोय. सेटिंग: १.५ टेस्ला, मल्टी-इको स्पिन इको, टीआर २००० मिलिसेकंद, टीई १० ते ८० (८ इको), पिक्सेल ०.५ मिमी, स्लाइस ३ मिमी, बँडविड्थ ११० हर्ट्झ प्रति पिक्सेल. नागपुरातल्या मोमिनपुऱ्यातून सकाळी ताजे गुडघे आणतो, सांधा उघडून सलाइनमध्ये बुडवतो. कॉन्डाइलच्या (मांडीच्या हाडाच्या गोल टोकाच्या) मधल्या भागात टी२ (सिग्नल विरण्याचा वेळ) ४० मिलिसेकंद येतो, मागच्या वळणावर ६५-७०, तिथे नकाशात उजळ पट्टा दिसतो. उलट मुद्दाम झीज घडवायला ट्रिप्सिन या एन्झाइममध्ये ठेवलेल्या नमुन्यांत टी२ जवळपास हलतच नाही. चुकतंय कुठे?

धंतोलीकर: आधी पट्ट्याचं बघा. खोल थरातले कोलॅजनचे तंतू हाडाला काटकोनात उभे असतात. वळणावर ते मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास आले, की निरोगी कूर्चेतही टी२ वाढलेला दिसतो, हाच मॅजिक अँगल. ओळखायची खूण सोपी आहे. तोच नमुना कॉइलमध्ये ३० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा. पट्टा कूर्चेवरून सरकला तर मॅजिक अँगल, त्याच जागी राहिला तर तिथल्या ऊतीतच काहीतरी आहे. तुलना नेहमी त्याच कोनातल्या त्याच भागाची करा.

टी२ काढायला इकोंच्या सिग्नलवर वक्र बसवताना (फिटिंग) पहिला इको गाळा. पुढच्या इकोंमध्ये स्टिम्युलेटेड इको (पल्स अचूक नसल्याने येणारे जादा इको) मिसळतात, पहिल्यात नाही, त्यामुळे वक्र सुरुवातीलाच बिघडतो. शेवटच्या इकोंचा सिग्नल नॉइजच्या पातळीला टेकला असेल तर तेही काढा, नाहीतर टी२ खोटाच फुगतो.

वर्धारोड_लॅब: माझ्या मते मोठी चूक सलाइन आणि पिक्सेलची आहे. शेळीची कूर्चा जेमतेम एक-दीड मिलिमीटर, म्हणजे तुमचे दोन-तीन पिक्सेल. त्यातला वरचा पिक्सेल अर्धा सलाइनचा. सलाइनचा टी२ खूप लांब, तोच तुमच्या आकड्यात शिरतो. शिवाय १.५ टेस्लाला पाणी आणि चरबीत सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो. ११० च्या बँडविड्थला हाडाच्या मज्जेतली चरबी चित्रात दोन पिक्सेल सरकते, म्हणजे थेट कूर्चेवर बसते! फॅट सॅचुरेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) लावा, बँडविड्थ २२० च्या वर न्या, पिक्सेल ०.३ पर्यंत आणा. सिग्नल घटेल, तो अॅव्हरेज वाढवून भरून काढा.

बर्डी_एमआर: सलाइनऐवजी फोम्ब्लिन (एमआरआयमध्ये सिग्नल न देणारं तेल) सुचवलं जातं, पण ते परवडत नाही. दुसरा उपाय?

वर्धारोड_लॅब: सांधा उघडूच नका. कॅप्सूल शाबूत ठेवा, वरून सलाइनची ओली गॉज आणि घट्ट प्लास्टिक. आत हवा गेली तर कडेला काळे डाग पडतात. मे महिन्यात आणताना बर्फाची पेटी हवीच, पण बर्फ नमुन्याला लागू देऊ नका. स्कॅनआधी तीन-चार तास मशीनच्या खोलीत ठेवा. तापमान बदललं की टी२ बदलतो, मग दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत.

धंतोलीकर: ट्रिप्सिनचं उत्तर राहिलं. ते मुख्यतः प्रोटिओग्लायकन (कूर्चेत पाणी धरून ठेवणारे रेणू) काढतं, कोलॅजनची जाळी बरीचशी टिकते. टी२ बोलतो तो पाणी आणि कोलॅजनबद्दल, म्हणून तुमचा निकाल बरोबरच आहे. ग्लायकोसअमिनोग्लायकन (प्रोटिओग्लायकनचा ऋण भाराचा भाग) घटलेलं दाखवायचं तर टी१-रो हे दुसरं मॅपिंग घ्या: स्पिन-लॉक ५०० हर्ट्झ, वेळा ०, १०, २०, ४०, ६० मिलिसेकंद. मशीनवर तो सिक्वेन्स नसेल तर डीजेमरिक, म्हणजे गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट कूर्चेत मुरवून टी१ मोजणं. त्याला दोन ऋण भार असलेलं गॅडोपेंटेटेटच लागतं, न्यूट्रल गॅडोलिनियम चालत नाही, कारण सगळी भिस्त ऋण भारांनी एकमेकांना दूर लोटण्यावर आहे. टी१ स्थिर होईपर्यंत भिजवा. पूर्ण मुरलं नाही तर खोल थर निरोगी असल्याचा भास होतो.

पडताळणीसाठी सॅफ्रॅनिन-ओ (प्रोटिओग्लायकन रंगवणारा रंग) करणार असाल तर स्कॅन आधी, फॉर्मॅलिन नंतर. हाडातलं कॅल्शियम काढून ते मऊ करायला १० टक्के ईडीटीए, पीएच ७.४, आठवडे लागले तरी चालतील. तीव्र नायट्रिक आम्लात घाई केली तर प्रोटिओग्लायकनही धुऊन जातं आणि धडधाकट कूर्चा फिकट दिसते. आणि काप स्लाइसच्या बरोबर मध्यातून घ्या. त्यासाठी स्कॅनच्या वेळीच व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल हाडाला चिकटवून जागेची खूण करून ठेवा.