वाड्याच्या भिंतीतला वावळ: बोन्साय करावा की जमिनीत लावावा?

भिंतीकाठ: पुण्यात आमच्या शेजारचा वाडा फेब्रुवारीत पाडला. मागच्या भिंतीच्या फटीत मनगटाएवढ्या बुंध्याचं झाड होतं, पूर्ण निष्पर्ण. मालकांना विचारून मुळांसकट काढून आणलं. चैत्रात पानं फुटली. रोपवाटिकेत दाखवलं तर दातेरी कडा बघून 'चायनीज एल्म' (बोन्सायसाठी वापरतात ते परदेशी झाड) म्हणाले. मला पटत नाही. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. माझ्या मते हा आपला वावळ, एल्मच्याच कुळातला. याचा बोन्साय करायची फार इच्छा आहे.

रानवाट: वावळच आहे. त्याच्या लहान रोपांची आणि छाटल्यावर येणाऱ्या धुमाऱ्यांची पानं दातेरी असतात, मोठ्या झाडाच्या पानांची कडा सलग होते. फसगत होते ती इथेच. चायनीज एल्मचं पान जेमतेम दोन इंच, देठाशी दोन्ही बाजू असमान, आणि त्याला फुलं शरदात येतात. वावळ थंडीच्या अखेरीस पानं नसताना फुलतो, मग त्याच्या पापडीसारख्या गोल, पंखाच्या बिया उन्हाळ्यात वाऱ्यावर उडतात.

पण बोन्सायला माझा ठाम विरोध. तीन ते पाच इंच पान, कुंडीत प्रमाण कसं जमणार? पंधरा-वीस मीटर वाढणारा वृक्ष आहे, जमिनीत लावा. बिया वानरं आवडीने खातात.

विटांचा चुरा: प्रमाण जमतं, धीर हवा. माझा वावळ नऊ वर्षं कुंडीत आहे. पाचव्या वर्षापासून जूनमध्ये, पानं जून झाली की सगळी खुडतो, देठ तेवढा ठेवतो. दुसरी फूट बारीक येते. आता पान दीड-दोन इंचांवर आलंय. हे फक्त जोमदार झाडावर करायचं. तुमचं तर भिंतीतलं, मुळं आधीच चपटी पसरलेली असणार. उथळ कुंडीला याहून चांगलं काय मिळणार?

घाई मात्र नको. आधी दोन-तीन वर्षं रुंद टबात वाढवा. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत, पाणी झटकन निघालं पाहिजे. फांद्यांना वळण द्यायला तार लावाल तेव्हा पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते, तो वण वर्षानुवर्षं जात नाही.

ओली माती: मला काळजी वेगळीच वाटते. असे धागे वाचून लोक कुदळ घेऊन घाटात जातात. वनजमिनीतून रोप उपटणं गुन्हा आहे, आणि उपटलेली बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. पाडकामातलं झाड वाचवणं निराळं, हे ठळक लिहा. आणि रानवाट, जमिनीत लावायचा तर घरापासून लांब. वावळाच्या परागकणांचा दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. माझ्या आईला दर फेब्रुवारीत होतो.

रानवाट: परागांचं मान्य. म्हणून तर टेकडीवर लावा म्हणतो. विटांचा चुरा, तुमच्या झाडाची नऊ वर्षं कुंडीत गेली, त्यात त्याने सावली किती दिली?

भिंतीकाठ: टेकडीवर लावलं तर पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? मी रोज जाऊ शकत नाही, आणि जिवावर बेतलेलं झाड दुसऱ्यांदा मरणाच्या दारात सोडणार नाही. कुंडीतच ठेवते. ओली माती, ही फक्त पाडकामातली गोष्ट आहे, रानातून कुणीही काहीही काढू नये.

रुंद टब आजच आणला. तळाला भोकं पाडून झाली. यंदा एकही फांदी छाटत नाही.