पंडिता रमाबाई आणि शोमरोनी स्त्री

अनोळखी बाईबद्दल मनात निवाडा आधी आणि दया नंतर येते, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला असताना वाँटेजच्या सिस्टर्सनी (तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींनी) त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळत. हे का करता, असं रमाबाईंनी विचारल्यावर त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. पाच नवरे झालेली ती, शोमरोनी जमातीची म्हणून यहुदी जिच्याशी व्यवहार ठेवत नसत, आणि स्वतः यहुदी असलेला येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो! तिचा सगळा भूतकाळ ठाऊक असूनही. दान देण्यापेक्षा हे मागणं मला फार मोठं वाटतं. पुढे केडगावला रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं.