टोगोत एकहाती सत्ता खरंच संपली?

मंदार_पु: "पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोने आपल्यासारखी संसदीय पद्धत आणली, एकहाती सत्ता संपली" हे वाचून राहवलं नाही. संपली कुठे? १९६७ ते २००५ राष्ट्राध्यक्ष एयादेमा, मग त्यांचा मुलगा फोर न्यासिंग्बे. राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, हे २०१९ मध्ये ठरलं, तेही जुन्या मुदती न मोजता. ती सोयही २०३० ला संपणार, म्हणून २०२४ मध्ये जनमत न घेता राज्यघटनाच बदलली. राष्ट्राध्यक्ष आता नामधारी. अधिकार मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाकडे, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारख्या पदाकडे, आणि त्या पदाला मुदतींचं बंधन नाही. मे २०२५ मध्ये तिथे बसले कोण? फोरच!

लोमेकर: मी टोगोच्या राजधानीत, लोमे बंदरात नोकरी करतो. बुर्किना फासो, माली, नायजर, तिन्हीकडे लष्कर बसलंय. इथे निदान माल हलतो, बाजार उघडतो. आणि आपल्या पंतप्रधानाला कुठे मुदतींचं बंधन आहे?

मंदार_पु: इंदिराबाई १९७७ ला हरल्या, वाजपेयींचं सरकार १९९९ ला एका मताने पडलं. टोगोच्या संसदेत ११३ पैकी १०८ जागा फोरच्याच पक्षाच्या. पाडणार कोण? आणि लष्कराचं म्हणाल तर बाप वारल्यावर फोरना आधी लष्करानेच बसवलं, निवडणूक नंतर झाली. लोमेच्या वेशीलाच घाना आहे. तिथे २०२४ ला सत्ताधारी हरले, गेले. देश बुडाला का?

वैशाली_सातारा: मूळ चूक राष्ट्राध्यक्षाची थेट निवड काढण्यात आहे. आपल्याकडे सरपंचाचं तेच केलं. २०१७ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला परत थेट. सदस्यांतून निवड म्हटली की आमच्याकडे सदस्य उचलून थेट फार्महाउसवर.

रानवारा: थेट निवडीचे गोडवे नकोत. आमचा सरपंच एका गटाचा, बहुमत दुसऱ्या गटाचं. ग्रामसभेत नुसती भांडणं आणि नळयोजना कागदावर.

वैशाली_सातारा: योजना अडवली सदस्यांनी, दोष मतदारांना? गावकऱ्यांना अक्कल नाही असंच वाटतं तुम्हाला.

रानवारा: अक्कल काढू नका. मी स्वतः सदस्य होतो. बिलं कोण अडवतं आणि का, ते मला शिकवू नका.

मंदार_पु: सरपंच पुरे! फोर २००५, २०१०, २०१५, २०२० असे चारदा थेट मतदानातूनच आले. तेव्हा नुसत्या थेट निवडीने भागत नाही, हे रानवारांचं मान्य करावं लागतं. पण लोकांचा हक्क काढायचा तर आधी लोकांना विचारा.

लोमेकर: बरं, जनमत घ्यायला हवं होतं, एवढं मानतो. जून २०२५ मध्ये पोरं रस्त्यावर उतरली ती उगाच नव्हे. पण उद्या इथे सगळं पेटलं तर पगार आमचा थांबेल, तुमचा नाही.