तीनशे-डीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आणि आमची ट्रॅक्स

दक्षिण_कॅलिफोर्निया (मूळ नोंद)

माझ्या १९८३ च्या मर्सिडीज ३०० डी टर्बोमधला मूळचा चार गिअरचा ७२२.३ ऑटोमॅटिक काढून त्या जागी पुढच्या पिढीचा, पाच गिअरचा ७२२.६ बसवला, त्याला आता आठ महिने झाले. ताशी ११० किलोमीटरला पूर्वी इंजिन सुमारे २,९०० आरपीएमवर ओरडत असे. आता पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८३ असल्यामुळे ते २,४०० च्या आसपास राहते आणि इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत असल्याने (म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जात असल्याने) घसरही उरत नाही. जुन्या गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार व्हॅक्यूमवरून कळत होता. नव्याला तो कळावा म्हणून इंजेक्शन पंपाच्या लिव्हरवर एक पोझिशन सेन्सर बसवला आणि स्वतंत्र कंट्रोलर जोडला. भारतातल्या मित्रांना एवढेच सांगतो की तुमच्याकडच्या टेम्पो ट्रॅक्सचे ओएम ६१६ इंजिन हे माझ्या गाडीतल्या ओएम ६१७ चे चार सिलिंडरचे सख्खे भावंड आहे. इंजिनाला हा गिअरबॉक्स जोडणारी एक अडॅप्टर प्लेट, एक कंट्रोलर आणि चार शनिवार-रविवार खर्च करा. क्लच दाबत घाट चढण्याचे दिवस संपतील.

भोर_गॅरेज

आपली नोंद मी दोनदा वाचली. गाडीवर आपण घेतलेली मेहनत दिसते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. परंतु शेवटच्या दोन ओळी वाचून इथला एखादा तरुण उद्या खरोखरच वडिलांची ट्रॅक्स जॅकवर चढवील, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्या गाडीत ऑटोमॅटिक आधीपासूनच होता. रेडिएटरमध्ये ऑइल थंड करण्याची सोय होती, क्लचचे पेडल नव्हते, पार्कचा लिव्हर जागेवर होता. आपण एक ऑटोमॅटिक काढून दुसरा बसवला. ट्रॅक्समध्ये यातले काहीच नाही. फ्लायव्हील काढून कन्व्हर्टरला जोडणारी फ्लेक्स प्लेट घालायची, गिअरबॉक्सचे फाउंडेशन नव्याने बनवायचे, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यायचा, वेगळा ऑइल कूलर लावायचा, आणि हे सगळे झाल्यावर लक्षात येते की ७२२.६ ला स्पीडोमीटरची केबल लावायला जागाच नाही. पासिंगच्या वेळी बंद काटा घेऊन कोण उभे राहणार?

आता ताकदीचे पाहा. आपल्या टर्बो इंजिनाचा टॉर्क सुमारे २५० न्यूटन मीटर आहे आणि तो २,४०० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे आपला पाचवा गिअर नेमका त्या जागी जाऊन बसला. टर्बो नसलेल्या ओएम ६१६ चा टॉर्क जेमतेम १४० च्या घरात आहे. माणसांनी भरलेली ट्रॅक्स आमच्या रस्त्यांवर ०.८३ चा गिअर ओढणारच नाही आणि तो गिअरबॉक्स आयुष्यभर तिसऱ्या-चौथ्यातच चालेल. ज्या गिअरसाठी एवढा खटाटोप करायचा, तोच वापरात येणार नसेल तर खर्च कशासाठी?

अडॅप्टर प्लेटविषयी आपण एका शब्दात लिहिले, त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुसरीकडे असाच बदल करून घेतलेली जीप माझ्याकडे ओढत घेऊन आले. काम होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर बाहेर ओढला, तर पंपाच्या बुशाचे पितळी पापुद्रे माझ्या तळहातावर पडले आणि पॅनच्या तळाशी सोनेरी गाळ बसलेला होता. डायल गेज लावल्यावर कळले की प्लेटचे मध्य केसभर सरकलेले होते. लेथवाल्याने प्लेट सुबक बनवली होती, पण ती क्रँकच्या मध्याशी जुळते की नाही हे कोणी तपासलेच नव्हते. त्या गृहस्थांनी गाडी शेवटी भंगारात दिली.

महाडची_लेक

भोरच्या काकांचे म्हणणे नीट वाचले, पण त्यातली प्रत्येक गोष्ट काम अवघड आहे एवढेच सिद्ध करते. ते करू नये, असे त्यातून कुठेही सिद्ध होत नाही.

माझे वडील बासष्ट वर्षांचे आहेत आणि आजही महाड ते भोर वरंधा घाटातून ट्रॅक्स चालवतात. त्यांचा डावा गुडघा झिजला आहे. संध्याकाळी घरी आल्यावर ओट्यावर बसून ते आधी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ करतात आणि मगच चपला काढतात. हे मी गेली दोन वर्षे रोज पाहते आहे. दरड काढण्याचे काम चालू असले की घाटात तासभर रांग लागते, आणि त्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे म्हणजे काय, हे काकांना मी सांगायला नको. गेल्या वर्षात क्लच प्लेट दोनदा बदलली. टॉर्क कन्व्हर्टर गाडी उभी असताना इंजिनाचा टॉर्क वाढवून देतो आणि त्यात जळणारी प्लेट नसते, हे तर खरे आहे ना? मग कमी ताकदीच्या इंजिनालाच त्याची जास्त गरज आहे, असे का म्हणू नये? पाचवा गिअर नाही वापरला तर नाही वापरला.

भोर_गॅरेज

ताई, तुमच्या वडिलांच्या गुडघ्याचे वाचून वाईट वाटले आणि कन्व्हर्टरविषयी तुम्ही लिहिले ते बरोबर आहे, हे मान्य करतो. पण चढाचे सगळे बोलतात, उताराचे कोणी बोलत नाही. वरंधा उतरताना गाडी इंजिनावर धरावी लागते. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे आम्हांला पहिल्या दिवशी शिकवले गेले. ऑटोमॅटिकमध्ये पाय काढला की गाडी मोकळी सुटते. डिझेलच्या कॉम्प्रेशनचा जो आधार चालकाला मिळतो, तो तुम्ही काढून घेणार आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर टाकणार. हे मला कोणत्याही गुडघ्यापेक्षा गंभीर वाटते.

पिंपरी_ट्रान्समिशन

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून दोन चुका दुरुस्त करतो.

एक, डिझेलच्या कॉम्प्रेशनमुळे इंजिन ब्रेक चांगला लागतो, ही आपल्याकडे पक्की बसलेली समजूत चुकीची आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते आणि पिस्टनला निर्वाताविरुद्ध हवा ओढावी लागते, त्यातून गाडी रोखली जाते. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झडपच नसते. कॉम्प्रेशन २१ ला १ असले तरी दाबलेली हवा पिस्टनला पुन्हा खाली ढकलते आणि घातलेल्या ताकदीपैकी बरीचशी परत देते. उरतो तो घर्षणाचा आणि हवा आत-बाहेर करण्याचा रोध. डिझेलचा इंजिन ब्रेक अवजड वाहनांना पुरत नाही, म्हणूनच ट्रक-बसना धुराची वाट अडवून इंजिन रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक वेगळा द्यावा लागतो.

दोन, ऑटोमॅटिक गाडी मोकळी सुटते, हे सरसकट विधान आहे. ७२२.६ मध्ये लिव्हरने खालचा गिअर धरता येतो, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात कन्व्हर्टर लॉक होऊ शकतो, आणि दुसऱ्यात लॉक नसला तरी ऑइलमधून उलट दिशेने रोध मिळतोच. तो मॅन्युअलपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो.

भोर_गॅरेज

साहेब, आपण झडपांविषयी लिहिले ते खरे असेल, मी वाद घालत नाही. परंतु २००९ च्या पावसाळ्यात वरंधा उतरताना माझ्या गाडीचे ब्रेक तापून पेडल तळाला गेले होते आणि मागे नऊ माणसे बसली होती. मी तिसऱ्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून पहिला टाकला. गिअरबॉक्स किंचाळला, गाडी धक्के खात हळू झाली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून मी ती थांबवली. त्या दिवशी मला कोणत्या रोधाने वाचवले याचे गणित आपण मांडा. मला एवढेच ठाऊक आहे की तो गिअर माझ्या हाताने पडला. कंट्रोलरवर चालणारा गिअरबॉक्स वेग जास्त आहे म्हणून खालचा गिअर नाकारतो, हे आपणही नाकारणार नाही. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनी किती घरे उजाड केली, हे पुण्यातल्या माणसाने मला शिकवू नये.

दक्षिण_कॅलिफोर्निया

न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक मॅन्युअलच चालवत होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तो दोष गिअरबॉक्सचा नसून सवयीचा आहे. वेग जास्त असताना गिअर नाकारला जातो हे खरे आहे, मात्र ही मर्यादा माझ्या कंट्रोलरमध्ये मला स्वतः ठरवता येते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ग्रेपव्हाइनचा उतार आहे. साधारण साडेबाराशे मीटर उंचीच्या खिंडीतून सहा टक्क्यांनी रस्ता खाली दरीत जातो आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला वाळूच्या वाटा ठेवलेल्या आहेत. मी तिथून तिसऱ्यात, लॉक केलेल्या कन्व्हर्टरवर, मोजके ब्रेक लावत उतरतो.

पिंपरी_ट्रान्समिशन

ग्रेपव्हाइनचा दाखला वरंध्याला लागू पडत नाही, हे मात्र भोरच्या गृहस्थांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तो रुंद महामार्ग आहे, तिथे तिसऱ्या गिअरचा वेग राखता येतो. वरंध्यात पाठोपाठ तीव्र वळणे आहेत, गाडी पहिल्या-दुसऱ्यातच राहते आणि तिथे हा कन्व्हर्टर लॉक होत नाही. म्हणजे रोध सर्वांत जास्त हवा असतो, तिथेच तो सर्वांत कमी मिळतो. शिवाय घसरणारा कन्व्हर्टर सगळी उष्णता ऑइलमध्ये ओततो. त्यामुळे प्रशस्त कूलर आणि ऑइलचे तापमान दाखवणारा काटा नसताना हा बदल घाटासाठी करण्याचा सल्ला मी देणार नाही. मूळ नोंदीत या दोन्हींचा उल्लेख हवा होता.

आरसी_वाचक

या सगळ्यात कायद्याचे कोणीच बोलले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कठोरपणे बजावले आहे. आरसीवर गिअरबॉक्सची नोंद नसते हे खरे, त्यामुळे काही जण यातून सूट काढतात. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकला की हा युक्तिवाद किती टिकेल, याचा विचार प्रवासी वाहतूक करणाऱ्याने तरी करावा. शारीरिक अडचण असलेल्या चालकासाठी वाहनात बदल करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी आधी आरटीओत लेखी अर्ज करावा.

महाडची_लेक

कलमाबद्दल आभार, ही माहिती मला नव्हती. काकांचा वरंध्यातला प्रसंग वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही, कारण त्याच उतारावर माझे वडील रोज असतात. तरीही मला विचारायचे आहे की हा बदल करू नये असे ठरले, तर त्या गुडघ्याचे काय? तुम्ही सगळे गिअरबॉक्सविषयी जिंकता किंवा हरता आणि माझे वडील उद्या सकाळी सहाला पुन्हा त्याच पेडलवर पाय ठेवतात.

दक्षिण_कॅलिफोर्निया

ट्रॅक्सविषयीची शेवटची दोन वाक्ये मी मूळ नोंदीतून काढत आहे. माझ्या गाडीसाठी हा बदल योग्य होता, या मतावर मी ठाम आहे. परंतु चार शनिवार-रविवार हा हिशेब आधीपासून ऑटोमॅटिक असलेल्या गाडीचा होता आणि तो मी मॅन्युअल गाडीला लावायला नको होता. भोरच्या गृहस्थांचा सूर मला कठोर वाटला, तरी प्लेटच्या मध्याविषयीचा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. मीही तो तपासण्यात एक अख्खा दिवस घालवला होता आणि त्याचा उल्लेख केला नव्हता.

भोर_गॅरेज

ताई, मी तावातावाने लिहिले आणि तुमचा प्रश्न बाजूला पडला, ते चुकले. वर्षात दोनदा प्लेट बदलूनही पेडल त्रास देत असेल, तर दोष प्लेटच्या पलीकडे आहे. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तीच जुनी ठेवून नुसती प्लेट बदलली जाते, फोर्कच्या टेकणीला खड्डा पडलेला असतो आणि पाय मात्र दुप्पट जोर लावत राहतो. आज वडिलांना एवढेच विचारा की पेडल सुरुवातीपासून जड लागते की अर्ध्यावरून पुढे, आणि दाबताना काही आवाज येतो का.

महाडची_लेक

आत्ताच विचारले. सुरुवातीला हलके असते, अर्ध्यावरून पुढे अडकल्यासारखे जड होते, आणि पूर्ण दाबून धरले की कर्र असा आवाज येतो, पाय काढला की थांबतो. प्रेशर प्लेट कधी बदलली ते त्यांना आठवत नाही.

भोर_गॅरेज

मग ते बेअरिंगच आहे आणि फोर्कही पाहावा लागेल. मंगळवारी भाडे नसेल तर गाडी सकाळी लवकर घेऊन या. गिअरबॉक्स मी स्वतः उतरवतो आणि पेडल किती हलके झाले ते वडिलांनाच दाबून पाहू द्या.