सीपीव्हीसी पाइप कापायला बॅटरीवरचा कटर: ठेकेदाराने घ्यावा की हॅक्सॉच बरा?

नळठेकेदार, नाशिक (धागाकर्ता)

आपल्याकडे घरांच्या नळकामात सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप आजही बहुधा हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने कापला जातो, फार तर हाताने दाबायचा रॅचेट कटर वापरला जातो, आणि बॅटरीवर चालणारा कटर म्हणजे हौशी माणसाचे खेळणे असा समज आहे. माझे मत याच्या उलट आहे. ज्या ठेकेदाराकडे कायम तीन-चार कारागीर असतात, त्याने असा एक कटर ठेवायलाच हवा.

कारण साधे आहे. करवतीला मागेपुढे फिरायला जागा लागते, आणि डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत) किंवा भिंतीत मारलेल्या झिरीत नेमकी तीच नसते. अडचणीच्या जागी कापलेले टोक तिरके येते, ते एल्बोच्या (कोपऱ्यावरच्या जोडाच्या) तळापर्यंत सगळीकडून टेकत नाही आणि सोल्युशनला (पाइप चिकटवायच्या द्रवाला) पकडायला मिळणारा पृष्ठभाग तेवढा कमी होतो. शिवाय करवतीचा कीस पाइपात पडतो आणि पाणी सुरू झाल्यावर नळाच्या जाळीत किंवा फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. ग्राइंडरने कापणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे, कारण त्या उष्णतेने प्लास्टिक वितळून कडेला गोळा होते. बॅटरीच्या कटरचे पाते मात्र मोटरच्या जोरावर संथपणे पाइपातून उतरते, तो एका हाताने चालतो आणि मागे कीस उरत नाही.

कानस

कीस झटकता येतो, धुऊनही काढता येतो. पात्याने पडलेल्या तड्याचे काय करायचे, ते धागाकर्त्याने लिहिलेले नाही.

करवत पाइपातला थोडा थोडा भाग काढून टाकते, तर पाते आधी पाइप दाबते आणि मग कापते. दाबाखाली पाइप अंडाकृती होतो आणि पाते जिथे टेकलेले असते तिथे पाइपाच्या आतल्या बाजूला ताण येतो. म्हणून केसासारखा बारीक तडा पुष्कळदा आतून सुरू होतो आणि बाहेरून टोक अगदी स्वच्छ दिसते. नवा पाइप हा दाब सहसा सोसतो. पण दहा-पंधरा वर्षे गरम पाणी वाहिलेला सीपीव्हीसी ठिसूळ झालेला असतो, आणि दुरुस्तीच्या कामात आपली गाठ त्याच्याशीच पडते. त्यातून नाशिक-निफाडकडे थंडीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. अशा वेळी सीपीव्हीसीवर पाते चालवू नये, असे या कामात सांगितलेच जाते. असा तडा दाबचाचणीच्या वेळी, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळती पाहताना, लक्षात येईलच असे नाही. फरशी बसवून झाल्यावर, गीझरचे पाणी महिनोन्महिने वाहिल्यावर तो उघडू शकतो.

नळठेकेदार, नाशिक

आक्षेप रास्त आहे, पण तो पात्यावर आहे, बॅटरीवर नाही. रॅचेट कटरही पाइप असाच दाबतो आणि तो तर आपण सगळेच वापरतो. उलट रॅचेटमध्ये प्रत्येक दाबाला हिसका बसतो, हात दमला की मनगट वळते आणि पाते तिरके शिरते. मोटरचा जोर एकसारखा असतो. पाते धारदार ठेवावे आणि टोकाला तडा दिसला तर तड्याच्या पुढे किमान २ इंच पाइप कापून टाकावा, हा नियम दोन्ही कटरना सारखाच लागू आहे.

कानस

सारखाच लागू नाही. रॅचेट वापरताना पाइप कडकडला तर ते हाताला कळते आणि माणूस थांबतो, किंवा पाइप थोडा फिरवून दुसऱ्या बाजूने पाते लावतो. ट्रिगर दाबून धरल्यावर हाताला काहीच कळत नाही. ज्या कारागिराला पाते बोथट झाल्याचे हाताला लागणाऱ्या जोरावरून समजत होते, त्याला आता मोटर ते समजूच देणार नाही आणि बोथट पात्यानेही काम होतच राहील. माझा मुख्य विरोध इथे आहे.

ठिबकवाला

शेतीचा मुद्दा मांडतो, कारण हा कटर पाइपलाइनसाठी घ्यावा का, असे आमच्याकडेही विचारले जाते. या कटरवर बहुधा २ इंचांची मर्यादा लिहिलेली असते. ती अमेरिकी मापाची आहे, म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर. इमारतीत वापरतात त्या शेड्यूल ४० आणि ८० (पाइपाच्या जाडीचे वर्ग) च्या २ इंची यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपांना हे माप जुळते. शेतातला पाइप आयएस ४९८५ या भारतीय मानकाप्रमाणे असतो आणि त्याची बाहेरची मापे ५०, ६३, ७५, ९० मिलिमीटर अशी जातात. आपण ज्याला दोन इंची म्हणतो तो बाहेरून ६३ मिलिमीटर असतो आणि त्या जबड्यात शिरतच नाही. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीला साधी कात्री पुरते. थोडक्यात, आमच्यासाठी खर्च वाया. तुमच्याकडेही मलनिस्सारणाच्या ११० मिलिमीटरच्या पाइपाला शेवटी करवतच लागते, म्हणजे ती पेटीतून हलणार नाहीच.

आयटीआय निदेशक

प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवताना मी मुलांच्या हातात आधी हॅक्सॉच देते. पाइपाभोवती कागद गुंडाळून कागदाच्या कडेने रेघ मारायची, रेघेवर कापायचे, आतली खरबरीत कड काढायची आणि बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करायची, हे अंगवळणी पडल्यावर कोणतेही यंत्र द्यावे. कड उतरती केली नाही तर पाइप आत सारताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलले जाते आणि सांधा कोरडा राहतो. बॅटरीच्या कटरमुळे ही पायरी टळते असा समज मुलांमध्ये आहे, तो चुकीचा आहे. आणखी एक, जे वरच्या एकाही प्रतिसादात नाही: दोन इंची पाइप कापणारा जबडा बोट सोडणार नाही. पाते बदलण्याआधी बॅटरी काढलीच पाहिजे.

पॉइंटचा हिशोब

मजुरी पॉइंटवर, म्हणजे पाणी देण्याच्या जागा किती यावर ठरते, कापांवर नाही. एका बाथरूमच्या कामात झिरी मारणे, पाइप समपातळीत बसवणे, सांधा वाळू देणे आणि चाचणी यांत वेळ जातो. कापण्यात वाचलेली मिनिटे त्यात हरवतात. चांगला रॅचेट कटर काही शे रुपयांत येतो, तर हा कित्येक हजारांना. वर बॅटरी, चार्जर आणि पाते यांचा खर्च निराळा. एवढ्या पैशात दाबचाचणीचा पंप येईल, आणि तो कितीतरी ठेकेदारांकडे अजून नाही.

नळठेकेदार, नाशिक

पंप आधी घ्यावा, याबद्दल वाद नाही. पण मजुरीच्या हिशोबात कारागिराच्या हाताला होणारा त्रास धरलेला नाही. मोठ्या इमारतीत एक माणूस दिवसभर सव्वा आणि दीड इंची पाइप रॅचेटने दाबत राहतो, तेव्हा संध्याकाळी त्याची मूठ नीट वळत नाही, आणि तिरके काप दुपारनंतरच वाढतात. म्हणून नव्या बांधकामापुरता मी माझ्या मतावर ठाम आहे. जुन्या सीपीव्हीसीच्या दुरुस्तीला मी हा कटर लावणार नाही. तिथे बारीक दातांचे हॅक्सॉ ब्लेड वापरायचे, असे माझ्या माणसांना सांगितलेले आहे.

कानस

मग पाते किती कापांनंतर बदलायचे, तेही त्यांना सांगून ठेवा आणि बदलल्याची तारीख कटरवरच लिहा, कारण हाताला ते कळणार नाही.